एक दिवस आधीचा पाऊस

एका मे महिन्यात लोणावळ्याच्या एका पर्जन्यमापकात बियरचा पाऊस पडला होता. आभाळ निरभ्र, ऊन रणरणतं, आणि रजिस्टरात नोंद मात्र चांगल्या सरीची. मोजणारा माणूस बिचारा प्रामाणिक. भांड्यात सापडलं ते त्याने मोजलं आणि लिहिलं. मी जाऊन भांड्यातली बाटली नाकाशी धरली तेव्हा उलगडा झाला. आदल्या दिवशी पर्यटकांची टोळी तिथे जेवायला बसली होती आणि कुणाला तरी भांड्यावरचं नरसाळं बघून उदार व्हावंसं वाटलं होतं.

मी पाऊस मोजणाऱ्यांना मोजत असे. नोकरीचं नाव लांबलचक होतं, पण काम एवढंच. मावळात आणि घाटमाथ्यावर ठिकठिकाणी आमच्या खात्याची पर्जन्यमापकं बसवलेली असत. कुठे शाळेच्या आवारात, कुठे कारखान्यात, कुठे एखाद्याच्या परड्यात. तिथला एक माणूस रोज सकाळी साडेआठला भांड्यातलं पाणी मोजपात्रात ओतून किती मिलिमीटर ते रजिस्टरात लिहितो आणि महिन्याअखेर त्याची प्रत आमच्याकडे पाठवतो. ते आकडे खरे आहेत की घरात बसून लिहिलेले, हे पाहायला वर्षातून एक-दोनदा मी जायची. थोडक्यात, मला सरकार संशय घेण्याचा पगार देत होतं. ऑफिसात मला सीआयडी मॅडम म्हणत. मला ते आवडायचं, हे आता कबूल करायला हरकत नाही.

आकडे स्वतःच चुगली करतात. मळवलीच्या एका बंगल्याच्या राखणदाराचे आकडे नेहमी शून्यावर नाहीतर पाचावर संपायचे. पाच, दहा, पंचवीस, चाळीस. पाऊस इतका शिस्तीचा नसतो. मी त्याला गाठलं तर तो अभिमानाने आत गेला आणि चहाचा कप घेऊन आला. "काचेचं फुटलं मॅडम, गेल्या पावसाळ्यात. मग ह्यो कप मापून घेतला. बराबर पाचाचा हाय." आंबीला एका कारखान्यात लोणावळ्यापेक्षा जास्त पाऊस पडायला लागला. आंबी कुठे पूर्वेच्या कमी पावसात, लोणावळा कुठे घाटमाथ्यावर! पाहते तर नव्या शेडची पागोळी थेट आमच्या नरसाळ्यात. एका गावात तर रविवारी पाऊसच पडत नसे, आणि सोमवारी दुप्पट पडत असे. तो गृहस्थ दर शनिवारी सासुरवाडीला जायचा.

अशी वर्षं गेली की माणूस मनाने वाकडा होतो. भाजीवालीच्या तराजूपासून नवऱ्याच्या "येतो पाच मिनिटांत"पर्यंत मी कशावरच विश्वास ठेवेनाशी झाले. आमच्या ह्यांनी एकदा वैतागून विचारलंही होतं, की लग्नाच्या वेळी माझी पत्रिका तरी खरी मानलीस का? मी म्हटलं, तपासायचं राहून गेलं.

बुधाजी आबांची गाठ पडली ती या वाकडेपणाच्या ऐन भरात.

तिकोणा पेठेच्या वर, गडाच्या पोटाशी, दहा-बारा घरांची एक वाडी आहे. तिथल्या वस्तीशाळेच्या मास्तरांकडे पूर्वी आमचं भांडं होतं. शाळा बंद झाली, मास्तर बदलून गेले, आणि जाताना त्यांनी ते काम शेजारच्या बुधाजी आबांना दिलं. आबा चौथी शिकलेले, खाचरात भात लावणारे, अंगाने काटक, बोलायला कमी. पहिल्या तपासणीत मी सगळं पाहिलं. भांडं जमिनीत नीट रोवलेलं, कडा समपातळीत, वर झाडाची फांदी नाही, मोजपात्र धुऊन उपडं ठेवलेलं. रजिस्टर प्लास्टिकच्या पिशवीत, अक्षर मोठं आणि स्वच्छ. शेऱ्याच्या रकान्यातही काही ना काही लिहिलेलं: 'वारा लय', 'धुकं, गड दिसला नाही'. इतकं नीटनेटकं रजिस्टर मी मावळात पाहिलं नव्हतं, आणि नेमकं त्यामुळेच माझ्या मनात पहिली पाल चुकचुकली.

ऑफिसात परत आल्यावर मी त्यांचे आकडे आजूबाजूच्या ठिकाणांशी लावून बघितले. घाटावर पाऊस जोर धरतो आणि सोडतो तो बहुधा सगळीकडे एकदमच. लोणावळ्यात ज्या दिवशी धो धो, त्या दिवशी पवनेच्या काठीही कमी-जास्त तसाच. पण आबांच्या वाडीत पाऊस एक दिवस आधी वाढायचा आणि एक दिवस आधी थांबायचा. एखाद्या वेळी ठीक. पण दर वेळी? जूनपासून सप्टेंबरपर्यंत, वर्षामागून वर्षं, हा डोंगर बाकीच्या मावळाच्या एक दिवस पुढे चालत होता.

पुढच्या भेटीत मला आबांच्या ओसरीवर, रजिस्टर ठेवायच्या फळीवरच, एक रेडिओ दिसला. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. रेडिओवर रोज येत्या चोवीस तासांचा अंदाज सांगतात. गृहस्थ अंदाज ऐकतात आणि तोच लिहून मोकळे होतात. उद्या पडणारा पाऊस आज लिहिला की आपोआप एक दिवस आधी!

"आबा, रेडिओ रोज ऐकता का?" मी सहज विचारल्यासारखं केलं.

"व्हय. बातम्या आन् हवामान." आबा म्हणाले. "हितं दुसरं हाय काय?"

मला कबुलीजबाब मिळाला होता. आता पुरावा हवा होता.

आमच्या धंद्यात एक परीक्षा असते. ती कुठल्या पुस्तकात लिहिलेली नाही, पण जुने तपासनीस करत आले. कोरड्या दिवशी, मोजणाऱ्याला न सांगता, भांड्यात मोजून पाणी ओतायचं आणि निघून जायचं. त्याने दुसऱ्या दिवशी ते मोजून लिहिलं तर तो भांडं उघडतो. शून्य लिहिलं तर तो घरात बसून लिहितो.

त्या साली जुलैच्या उत्तरार्धात पावसाने अवचित दडी मारली होती. घाटावर ऐन जुलैत कोरडं आभाळ, म्हणजे परीक्षेला याहून चांगला मुहूर्त नाही. एकतीस तारखेला दुपारी मी वाडीत गेले. आबा खाली खाचरात होते. ओसरीवर त्यांची सून चंद्रभागा तांदूळ निवडत बसली होती. "बसा ना मॅडम, चा टाकते," म्हणाली. मी म्हटलं, नको, भांड्याची पातळी तेवढी बघते आणि निघते. भांड्याभोवतीच्या कुंपणाचं फाटक लावून घेऊन मी पर्समधून बाटली काढली. अकरा पूर्णांक चार मिलिमीटर भरेल एवढं पाणी घरून मोजून नेलं होतं. मुद्दाम अडनिडा आकडा, म्हणजे अंदाजाने जुळायला नको. ते ओतलं आणि मी निघून आले.

नियम सरळ आहे. मोजणी सकाळी साडेआठला, आणि ज्या सकाळी मोजलं त्याच तारखेच्या ओळीत लिहायचं. एकतीसच्या दुपारी ओतलेलं पाणी एक ऑगस्टच्या सकाळी निघणार, एक ऑगस्टच्या ओळीत पडणार. मी दोन तारखेला दहाच्या सुमाराला परत गेले. आबा घरीच होते. रजिस्टर मागितलं. आमच्या रजिस्टरात महिन्याला एक पान असतं. ऑगस्टचं नवं पान उघडलं. एक तारीख: शून्य. दोन तारखेची ओळ अजून रिकामीच.

मी रजिस्टर मिटलं. आबांनी माझ्याकडे पाहिलं, जरा थांबले, काहीतरी विचारतील असं वाटलं. मी विचारायला वेळच दिला नाही. लाल पेन काढून शेवटच्या पानावर, तपासणीच्या रकान्यात लिहिलं: 'नोंदी संशयास्पद. प्रत्यक्ष मोजणी होत नाही.' सही, तारीख.

"काय लिवलं मॅडम?" आबांनी विचारलं.

"नेहमीचंच," मी म्हटलं.

शेऱ्यावर अंमल व्हायला सरकारी वेळ लागतो तो लागला. मग एके दिवशी आमची दोन माणसं जाऊन भांडं उपटून घेऊन आली, रजिस्टर आमच्या रेकॉर्डरूममध्ये जमा झालं, आणि वाडीची सगळी वर्षं आमच्या यादीत लाल, म्हणजे बाद झाली. मला वाईट वाटलं नाही. खोटा आकडा हा नसलेल्या आकड्यापेक्षा वाईट, असं मी नव्या पोरांना शिकवत असे.

त्यानंतर बरीच वर्षं गेली. माझ्या नोकरीचं शेवटचं वर्ष उजाडलं, आणि शिरीष नावाचा एक संशोधक माझ्या टेबलासमोर येऊन बसला. पुण्याच्याच एका संस्थेतला, तिशीतला, बोलताना हात फार हलवणारा. त्याला घाटमाथ्यावरच्या लहान लहान ठिकाणांचे रोजचे जुने आकडे हवे होते.

"कशाला?" मी विचारलं. आकडे मागायला येणाऱ्याकडे मी चोराकडे बघावं तसंच बघते. बहुतेकांनी उत्तर आधी ठरवलेलं असतं आणि आकडे नंतर शोधायचे असतात.

त्याने जे सांगितलं ते मला पहिल्यांदा थापच वाटली. उन्हाळी महिन्यांत, म्हणजे आपल्या पावसाळ्यात, खूप वर, विमानं उडतात त्या उंचीवर, हिमालयाच्याही उत्तरेकडून एक वेगवान वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. भूमध्य समुद्राकडून कास्पियन, मध्य आशिया, चीन, थेट जपान. तो सरळ वाहत नाही. नागमोडी वाहतो. जिथे तो उत्तरेकडे फुगतो तिथे खाली स्वच्छ आभाळ आणि कडक उन्हाळा, जिथे दक्षिणेकडे खोलगट उतरतो तिथे गारवा आणि ढग. हे फुगवटे आणि खोलगे कधी कधी आठवडा-दोन आठवडे जागचे हलत नाहीत, आणि सगळ्या पृथ्वीभोवती एका माळेत बसतात. त्यामुळे एका ठिकाणच्या उन्हाळ्याचा हजारो कोसांवरच्या दुसऱ्या ठिकाणाशी संबंध लागतो.

"आणि त्यात तिकोण्याचा डोंगर कुठे येतो?" मी म्हटलं.

"तोच तर प्रश्न आहे," शिरीष म्हणाला. "मध्य आशियावर एखादा खोलगा खाली उतरला की तिकडची कोरडी हवा वायव्येकडून आपल्या बाजूला घुसते. मोसमी वाऱ्याचा जोर मोडतो. पाऊस आपल्याला सोडून हिमालयाच्या पायथ्याशी जातो आणि घाटावर खंड पडतो. पण उलटही होतं. आपल्याकडे सलग जोराचा पाऊस झाला, की त्यातून सुटलेली ऊब वरच्या हवेला ढकलते, आणि तो धक्का त्या नागमोडी वाऱ्यात शिरून पार युरोप-जपानपर्यंत जातो."

दोघींनी नऊवारी लुगडं दोन टोकांना धरून झटकावं तसं काहीतरी असावं, अशी मी माझी समजूत घातली. झटका कुणी दिला आणि बसला कुणाला, हे मधे उभ्या माणसाला सांगता येत नाही. शिरीषला नेमकं तेच शोधायचं होतं. आधी लाट येते की आधी आपला पाऊस थांबतो? त्यासाठी त्याला दिवस अचूक हवे होते. मिलिमीटर थोडे इकडे तिकडे चालतील, म्हणाला, पण तारीख एका दिवसाने चुकली तर कारण आणि परिणाम यांची अदलाबदल होते.

मी त्याला माझी यादी दिली. काळ्या शाईतली ठिकाणं घे, लालला हात लावू नकोस, असं बजावलं. महिनाभराने तो परत आला तो लाल ठिकाणं घेऊनच.

"मॅडम, ही तिकोण्याची वाडी तुम्ही संशयास्पद का ठरवलीत?"

"एक दिवस पुढे आहे. रेडिओचा अंदाज उतरवून काढायचा म्हातारा."

"अंदाज चुकतात हो," शिरीष म्हणाला. "आमचेच अंदाज, मी नाही सांगणार तर कोण? अंदाज उतरवले असते तर अंदाज चुकला त्या दिवशी हेही चुकले असते. मी सगळी वर्षं लावून पाहिली. ही वाडी एकदाही चुकत नाही. तिच्या तारखा एक दिवस पुढे ढकलल्या की शेजाऱ्यांशी इतकी नेमकी बसते, की तुमच्या काळ्या यादीतलीसुद्धा काही तेवढी बसत नाहीत. घरात बसून कुणी इतकं अचूक खोटं लिहू शकत नाही."

मला राग आला. माझ्या अनुभवापेक्षा याची लॅपटॉपवरची रेघ मोठी? शिवाय मला त्याचाही संशय होता. त्याच्या लाटेला सोयीची वाडी असेल, म्हणून ती सोडवून घ्यायला आला असेल. मी म्हटलं, "मी स्वतः परीक्षा घेतली आहे. भांड्यात पाणी ओतून. शून्य लिहिलं होतं. चल, दाखवते."

रेकॉर्डरूममध्ये दुपारभर शोधून ते रजिस्टर काढलं. प्लास्टिकची पिशवी अजून तशीच. मी ऑगस्टचं पान उघडून एक तारखेवर बोट ठेवलं. "हे बघ. शून्य."

शिरीषने ते बघितलं. मग विचारलं, "पाणी कधी ओतलंत?"

"एकतीस जुलै. दुपारी."

त्याने पान मागे उलटलं. एवढंच केलं त्याने, एक पान मागे उलटलं. जुलैची शेवटची ओळ. त्या आठवडाभराच्या सगळ्या शून्यांखाली आबांच्या मोठ्या स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं: अकरा पूर्णांक चार. आणि शेऱ्याच्या रकान्यात: 'आभाळ कोरडं. तरी भांड्यात पाणी. मॅडम येऊन गेल्या.'

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी ती ओळ पुन्हा वाचली. शिरीष भला मुलगा. तो उगाचच दुसऱ्या कपाटाकडे बघत उभा राहिला.

मी आधीचं पान पाहिलंच नव्हतं. नियमाप्रमाणे ती ओळ मी पाणी ओतण्याआधीच्या सकाळची होती, तिथे बघण्यासारखं काही असूच शकत नव्हतं. जुलैची प्रत नंतर ऑफिसात आलीही असणार, पण प्रतीत शेरे नसतात, आणि लाल झालेल्या ठिकाणाची प्रत कोण वाचतो? आबा रोज सकाळी पाणी मोजायचे आणि ते आदल्या तारखेला लिहायचे, कारण पाऊस आदल्या दिवशी पडलेला असायचा. ही चूक करायला माणूस प्रामाणिकच लागतो. घरात बसून लिहिणाऱ्याला ती सुचणारही नाही. मी तपासणीला गेले की भांड्याची उंची, पातळी, मोजपात्राला तडा, सगळं विचारायची. माझ्या छापील तक्त्यात पंचवीस प्रश्न होते. तुम्ही कुठल्या तारखेला लिहिता, हा त्यात नव्हता. इतकं साधं कुणी विचारतं का?

साहेबांना सांगणं भाग होतं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "दोन महिने राहिलेत तुमचे. कशाला उकरता? शिरीषला म्हणावं, तारखा सरकवून वापर." मी त्यांना म्हटलं की तारखा सरकतील हो, पण त्या माणसाला मी खोटा ठरवलंय, ते कोण सरकवणार? रजिस्टर सही करून ताब्यात घेतलं आणि दुसऱ्या दिवशी शिरीषच्या गाडीतून वाडी गाठली.

अकरा वाजले होते. चंद्रभागा ओसरीवर होती. तिने मला ओळखलं, पण बसा म्हणाली नाही.

"आबा आहेत का?"

"येतील आत्ता. वर गेल्यात, कड्याकडं."

"या वेळी?"

"भांडं नेल्यापास्नं सकाळी साडेआठाला घरात ऱ्हात न्हाईत ते," ती म्हणाली. "पाऊस असू द्या, न्हाईतर ऊन. आठाला निगत्यात आन् अकराला येत्यात. लोकं म्हणायची ना, आबा खोटं लिवायचे म्हून सरकारनं भांडं नेलं. शेजारची बी आन् पावणे बी. दोन वर्सं कुणाच्या लग्नाला गेले न्हाईत."

शिरीषने परड्याकडे बघितलं. भांडं रोवलेल्या जागी सिमेंटचा चौकोन तेवढा उरला होता, त्यावर शेणी वाळत घातल्या होत्या.

आबा आले. खूप थकले होते, डोळ्यांवर मोतीबिंदूचा सारा आलेला. आवाजावरून त्यांनी मला ओळखलं. "बसा मॅडम," म्हणाले. मग मी सांगितलं. सगळं, क्रमाने. मी पाणी ओतलं ते, एक ऑगस्टचं पान बघितलं ते, लाल शाईत काय लिहिलं ते. तारखेचा नियमही सांगितला.

"म्हंजी सोमवारी पडल्याला पाऊस मंगळवारात घालायचा?" आबांनी विचारलं.

"हो. मोजला त्या दिवसात."

"आन् त्यो सोमवार कोरडाच दावायचा?" ते जरासे हसले. "तारीक पावसाची का मोजणाऱ्याची? मास्तरांनी आमाला काय तसं सांगितलं न्हाई."

"कुणीच नाही सांगितलं. मी सांगायला हवं होतं." मग मला राहवेना. "आबा, मी पाणी ओतलं हे तुम्हाला तेव्हाच कळलं होतं. मग बोलला का नाहीत?"

"सुनंनं सांगितलं, मॅडम आलत्या म्हून. आमाला वाटलं, काय तरी सरकारी काम आसंल," आबा म्हणाले. "तुमी उगाच कशापायी वताल?"

मी त्यांच्यावर इतकी वर्षं संशय घेतला आणि त्यांनी माझ्यावर एक दिवसही घेतला नाही. त्यांच्या समोर बसून मला माझ्या हुशारीची लाज वाटली. इतकी लाज मला नोकरीत दुसऱ्या कशाची वाटलेली नाही.

शिरीष मधेच बोलला. त्याने आबांना लाटेचं सांगायला सुरुवात केली, की दूरच्या देशांवरचा वारा कसा वळतो, आपल्याकडे पाऊस कधी थांबतो ते त्यावरून कसं कळेल, आणि त्यासाठी तुमची वही किती मोलाची आहे. आबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि माझ्याकडे वळून विचारलं, "ह्ये खरं हाय?"

"याच्या लाटेचं मला माहीत नाही," मी म्हटलं. "अजून तपासतायत. पण तुमची वही खरी आहे."

शिरीषने माझ्याकडे नाराजीने पाहिलं. मी तरी काय करू? त्याची लाट खरी ठरली की नाही, हे मला अजूनही कुणी पटेल असं सांगितलेलं नाही.

मी रजिस्टर उघडलं. आमच्याकडे नोंद पुसायला परवानगी नाही. चुकीवर एक बारीक रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी बरोबर ते लिहायचं आणि सही करायची. मी माझ्या लाल शेऱ्यावर रेघ मारली. शेजारी लिहिलं: 'हा शेरा चुकीचा आहे. मोजणी रोज, प्रत्यक्ष आणि अचूक. तारीख एक दिवस पुढे धरावी.' सही केली. चंद्रभागेने ते मोठ्याने वाचून दाखवायला सांगितलं. मी वाचलं. शेजारच्या दोन बाया कुंपणाशी आल्या होत्या, त्यांच्याकडे बघून तिने मला पुन्हा वाचायला लावलं. मी पुन्हा वाचलं.

मला वाटलं, झालं. मी रजिस्टर मिटायला गेले.

"थांबा," आबा म्हणाले. "येक ऱ्हायलं."

"काय?"

"जुलैची शेवटली वळ. अकरा पूर्णांक चार. भांड्यात घावंल ते लिवायचं, आसं मास्तरांनी सांगितलं व्हतं, म्हून आमी लिवलं. पर त्यो पाऊस न्हवं. त्या दिशी आभाळात ढग न्हवता." ते थांबले, धाप लागली होती. "आख्ख्या वहीत खोटा पाऊस त्यो येवढाच हाय. त्यो काढा."

शिरीष चटकन म्हणाला की तो आकडा मी माझ्या हिशेबात वगळलाय, काळजी करू नका. आबांनी त्याच्याकडे लक्षच दिलं नाही. ते माझ्याकडे बघत होते, आणि त्यांना मी नीट दिसत नव्हते हे मला माहीत होतं, तरी मी मान खाली घातली.

मी जुलैचं पान काढलं. त्या आकड्यावर रेघ मारली, वर शून्य लिहिलं. शेऱ्यात लिहिलं: 'भांड्यातील पाणी तपासनिसाने ओतलेले होते.'

"वाचा," आबा म्हणाले.

मी वाचलं.

"तपासनीस म्हंजी कोन?" त्यांनी विचारलं. "फुडं कुनी वही उगडली तर त्याला कळाया नको? नाव घाला."

मी पुन्हा पेन उघडलं. ओळीत जागा कमी होती, म्हणून खाली समासात माझं नाव लिहिलं, आडनावासकट, पूर्ण.